रानमांजराच्या तोंडचा घास

सत्यभामाबाईंचं आणि माझं पहिलं बोलणं म्हणजे सरळ भांडण होतं. आखातातल्या अल सद्द भागात, आमच्या इमारतीत कचऱ्याच्या खोलीशेजारी मी जुन्या साड्यांची पिशवी ठेवली आणि मागे वळले, तर एक उंच, वाळलेली बाई त्या पिशवीत हात घालून उभी. नऊवारी, कपाळ मोकळं, पायात जावयाचे मोठे स्लीपर.

"कोन वारलं का तुमच्यात?" तिनं विचारलं.

"नाही हो! असं काय विचारता?"

"मग टाकाय काय झालं? चांगली हायत की लुगडी."

मला राग आला. परदेशात शेजारी मराठी निघाला की आनंद व्हायला हवा असं सगळे म्हणतात, मला तसा पटकन होत नाही. पण थोड्या दिवसांनी तीच बाई दारात उभी राहिली, हातात घडी घातलेली गोधडी. माझ्याच साड्यांची. टाके इतके बारीक आणि सरळ की मी चष्मा लावून पाहिले. मी निमूट आत बोलावून चहा टाकला.

त्या मंगळवेढ्याकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी शालू इथे. जावई बालाजी एका गॅस कंपनीत फोरमन. शालूला आधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले, सहावा महिना सुखरूप लागला, तेव्हा बालाजीनं सासूला बोलावून घेतलं. घरात डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होतं, गोळ्या होत्या, चार्ट होते, सक्तीची विश्रांती होती. सत्यभामाबाईंना करायला काही उरलं नव्हतं. बाहेर ऊन असं की दार उघडलं तरी चेहरा भाजावा. मग त्या शिवत बसायच्या. आमच्या अर्ध्या इमारतीच्या अंगावर त्यांच्या गोधड्या आल्या.

त्यांची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा वाळका तुकडा आणि चिमूटभर जोंधळे सारायचे. जोंधळे गावाकडून बॅगेत आणलेले, पुरचुंडीत बांधलेले. याला त्या पोट भरणं म्हणायच्या.

"किडे होतील ना," मी म्हटलं.

"हूं द्या. उपाशी गोधडी अंगावर घिऊ न्हाई ताई. ती निजलेल्या मानसातलं काढून खाती."

मी हसले. मी असल्या गोष्टींना हसतेच. नाशिकला शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे, आणि उपाशी गोधडी माणसाला खाते हे ऐकून हसू आलं नाही तर ते शिकवणं फुकट गेलं म्हणायचं.

अनमनं ती गोधडी माझ्या सोफ्यावर पाहिली. अनम आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, भोपाळची मुलगी, अजून तिशीही ओलांडली नसेल. जुनी कापडं दुरुस्त करून टिकवणं हे तिचं शिक्षण आणि तेच काम. अल दुहैलमध्ये एका श्रीमंत माणसाचा खासगी संग्रह आहे, तिथे ती नोकरीला. तिला हाताखाली नाजूक टाका घालणारं कुणी तरी हवं होतं आणि मिळत नव्हतं. गोधडी उलटीसुलटी करून तिनं विचारलं, "आंटी, ये किसने किया?"

कागदपत्रांचं त्यांचं त्यांनी बघितलं. भाषेची अडचण होती म्हणून पहिल्या दिवशी मी गाडीतून सत्यभामाबाईंना घेऊन गेले. तो दिवस मला नको इतका नीट आठवतो.

खोली थंड होती, खिडकी नव्हती. मधल्या मोठ्या टेबलावर पातळ कागद झाकलेलं एक कापड होतं. भिंतीशी काचेच्या कपाटात मातीची भांडी होती आणि त्यातलं एक मी दोनदा पाहिलं. एक माणूस मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या पाठीवर मागून एक मोठं मांजर चढलेलं, दोन्ही पंजे त्याच्या खांद्यांवर, तोंड त्याच्या डोक्याच्या अगदी वर. ते त्याला राखत होतं की खाणार होतं हे काही केल्या समजेना. मी अनमला विचारलं. ती म्हणाली, विद्वानांचंही यावर एकमत नाही.

मग तिनं कागद बाजूला केला. कापड पेरू देशातलं, समुद्राकाठच्या वाळवंटातलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. कोरड्या वाळूत पुरलेलं म्हणून टिकलं. मूळ कापड सुती, मातकट झालेलं. त्यावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भरलेली मांजरं, रांगेनं. मांजरं म्हणजे आपली घरातली नव्हेत. अनम त्यांना प्यूमा म्हणाली, सत्यभामाबाईंनी बघताक्षणी रानमांजर म्हटलं. प्रत्येकाचे डोळे गोल, दात उघडे, आणि एका पंजात केसांनी धरलेलं माणसाचं मुंडकं. प्रत्येकाच्या पोटात आणखी एक लहान मांजर भरलेलं होतं. त्याचंही तोंड उघडं होतं.

सत्यभामाबाई खूप वेळ वाकून बघत राहिल्या. त्यांनी धाग्याचं कौतुक केलं, कुणी भरलंय बया, हाताला सोनं लावलं पायजे असं म्हणाल्या. अनमनं त्यांना वाकडी सुई दिली, रेशमाचा केसाएवढा धागा दिला, आणि जीर्ण कापड खालच्या नव्या कापडावर कसं धरून ठेवायचं ते दाखवलं. त्यांनी पहिला टाका घातला. अनमला तो इतका आवडला की तिनं टाळी वाजवली.

आणि मग, सुई हातात असतानाच, सत्यभामाबाईंनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये किसके वास्ते था?"

"मुर्दे को लपेटते थे, अम्मा."

त्यांचा हात थांबला. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "मड्यावरचं हाय ते."

"मग नाही म्हणून सांगू या. उद्यापासून नका येऊ."

"टाका घातलाय म्या. घरात लेक सात म्हैन्याची पोटुशी, आन् मड्यावरची शिवन अर्धी टाकू व्हय? मागं लागंल की ते."

"काय मागे लागेल? चिंधी आहे ती, सत्यभामाबाई."

"भुकं हाय ते, ताई. समदीच्या समदी भुकी हायत. पोटातलंबी भुकंच."

मी गाडीचा रेडिओ लावला. बाहेर धुळीचं वारं सुटलं होतं आणि समोरच्या गाड्यांचे दिवे भर दुपारी लागलेले होते. त्या पदरानं हात पुसत होत्या, परत परत.

त्यांनी ते काम पूर्ण केलं. आणि शेवटी पाठीमागचा कोपरा बंद करताना, अनम दुसऱ्या खोलीत फोनवर असताना, कमरेची पुरचुंडी सोडून भाकरीचा तुकडा आणि जोंधळे आत सारले. हे आम्हाला फार नंतर कळलं. लबाडी त्यांच्या मनात तिळभर नव्हती. गोधडीचं पोट भरायचं असतं, तसं त्यांनी याही कापडाचं भरलं. ते खाऊन पडून राहावं आणि शालूच्या पोटाकडे त्यानं बघू नये, एवढीच त्यांची त्याच्याकडे मागणी होती. असल्या जपायच्या कापडाजवळ अन्नाचा कणही न्यायचा नसतो, हे अनमनं त्यांना सांगितलं नव्हतं. कापडात कुणी भाकरी शिवेल हे तिच्या मनात तरी कुठून येणार?

जोंधळे गावाकडचे होते. त्यात किड्यांची अंडी आधीच असणार.

महिन्याभरात दोन गोष्टी बरोबरच सुरू झाल्या, आणि त्या बरोबर सुरू झाल्या हेच वाईट झालं. शालूच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, बाळाचं वजन हवं तसं वाढत नाहीये. आणि त्याच आठवड्यात सत्यभामाबाई अल दुहैलहून आल्या त्या माझ्याकडेच, चपला न काढता.

"कडंचं मांजर बारीक झालंय."

"म्हणजे?"

"मिशा गेल्यात. पंजा निम्मा ऱ्हायलाय. वाळतंय ते."

मी म्हटलं, जुनं कापड आहे, झिजतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईकडे कुणी पाहू नये. खरी गोष्ट अशी होती, आणि ती त्या वेळी कुणालाच माहीत नव्हती, की धान्यात वाढलेल्या केसाळ अळ्या आता बाहेर पडल्या होत्या. त्यांना लोकर आवडते, सूत नाही. कापड जसंच्या तसं सोडून त्या फक्त मांजरं खात होत्या.

सत्यभामाबाईंनी आपल्या परीनं हिशेब लावला. घातलेलं अन्न पुरत नाही. मग अनमकडे दुसरं लहानसहान काम चालू होतं त्याचा आडोसा धरून त्या जेव्हा जातील तेव्हा मागचा कोपरा उसवायच्या, आणखी जोंधळे घालायच्या आणि पुन्हा शिवून टाकायच्या. पुढच्या खेपेला मांजर आणखी बारीक. त्या आणखी घालायच्या. घरी शालूला दर तपासणीला तेच ऐकावं लागत होतं, वजन नाही, वजन नाही. शालू जेवायची, दूध प्यायची, खजूर खायची, आणि पोटातलं बाळ काही अंग धरत नव्हतं. बालाजी दवाखान्यातून येताना लिफ्टमध्ये भेटला की माझी नजर चुकवायचा. सत्यभामाबाईंचं शिवणं बंद झालं होतं. भेटल्या की एकच वाक्य, "अजून भागत न्हाई त्याचं."

मला तेव्हा वाटलं, बाईंचं डोकं फिरत चाललंय. आता सांगते, मला त्यांची भीती वाटायला लागली होती. त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये एकटीनं जाणं मी टाळायचे.

अनमला टेबलावर पिवळसर भुकटी दिसली तेव्हा तिनं कापड ज्यावर ताणून बसवलं होतं ती पाटी उलटी केली आणि कोपरा उसवला. मी तिथे होते, कारण सत्यभामाबाईंना न्यायला आले होते. आतून आधी धान्याचा चुरा गळला, मग भाकरीचे तुकडे, काळे पडलेले, आणि मग ते किडे, तपकिरी, केसाळ, हळूहळू चालणारे. त्यातला एक अनमच्या बोटावर चढला. ती ओरडली नाही. तिनं पाटी सरळ केली. रांगेतली पहिली दोन मांजरं नव्हतीच, त्यांच्या जागी मातकट सूत होतं आणि सुईची जुनी भोकं. तिसऱ्याचं डोकं होतं आणि पोट गेलं होतं.

"अम्मा," ती म्हणाली, "ये आपने रखा?"

"व्हय. खाने को रखा. भूखा था."

अनम खुर्चीत बसली आणि रडायला लागली. ही तिची पहिली मोठी नोकरी होती आणि त्या कापडावर कागदोपत्री जबाबदार माणूस तीच होती. तरी ती सत्यभामाबाईंना एक वाईट शब्द बोलली नाही. डोळे पुसून उठली, चिमटा आणि बारीक ब्रश घेतला, आणि कोपरा साफ करायला लागली. सगळं काढून, कापड प्लास्टिकमध्ये बंद करून खोल थंडीच्या पेटीत ठेवायचं, म्हणजे उरलेले किडे मरतील, असं तिनं मला समजावलं.

मी ते मराठीत सांगितलं मात्र, सत्यभामाबाईंनी अनमचं मनगट धरलं.

"नको बाय. काढू नको. शालू मोकळी हुईपातुर ऱ्हाऊ दे. थोडंच दिस ऱ्हायल्यात. ताई, सांगा की तिला, त्याच्या तोंडचा काढू नको म्हनावं. पाया पडते."

आणि त्या खरंच खाली बसल्या. अनमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तू तुझं काम कर. अनमनं हात सोडवून घेतला आणि एक एक दाणा चिमट्यानं उचलून डबीत टाकला. सत्यभामाबाई फरशीवरून बघत होत्या. पाटी पेटीत गेली, झाकण लागलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा इमारतीखाली रुग्णवाहिका उभी होती.

याला योगायोग म्हणतात. मी तेव्हाही हाच शब्द वापरला आणि आजही वापरते. शालूचा रक्तदाब आधीच वाढत होता, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कधीही भरती करावं लागेल. त्या संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. दोन तळहातांवर मावेल एवढी. जिवंत होती, काचेच्या पेटीत होती, नळ्या लावलेल्या होत्या. बालाजीनं फोनवरचा फोटो दाखवला तेव्हा सत्यभामाबाईंनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "हिलाबी पेटीत घातलं व्हय?"

शालू घरी आली, बाळ दवाखान्यातच राहिलं. आणि मग आश्चर्य म्हणजे बाळ वाढायला लागलं. आज थोडं, उद्या थोडं. नळी निघाली, दूध पचायला लागलं. बालाजी रोज येऊन आकडा सांगायचा आणि आम्ही सगळे खूश. सत्यभामाबाई मात्र नुसती मान हलवायच्या, काहीतरी हिशेब जुळल्यासारखी.

एकदा सकाळी त्या लिफ्टच्या दारात चक्कर येऊन पडल्या. मी त्यांना धरून घरात आणलं. अंगात वजनच नव्हतं. दंड माझ्या मुठीत आला. पाणी दिलं ते प्यायल्या, बिस्किट दिलं ते बाजूला सारलं.

"कधीपासून जेवला नाहीत?" मी विचारलं.

"पोर झाली तवापासनं."

शालूच्या समोर त्या ताट वाढून घ्यायच्या आणि स्वयंपाकघरात नेऊन रिकामं करायच्या. गुळाचं पाणी आणि चहा, एवढ्यावर चालू होतं.

"त्याच्या तोंडचा घास आपन काढला," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे. "कुनीतरी उपाशी ऱ्हायलाच पायजे ताई. म्या ऱ्हायले तर ते लेकराकडं बघत न्हाई. बगा की, वाढाय लागलं का न्हाई?"

मी खूप बोलले. किडे, अंडी, रक्तदाब, डॉक्टर, सगळं सांगितलं. कापडात आता एकही किडा जिवंत नाही आणि मांजर म्हणजे नुसता धागा, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते काचेच्या पेटीत रोज थोडं थोडं जड होत होतं. बाळ वाढलं की त्यांचा उपास खरा ठरायचा. बाळ घटलं असतं तर त्यांनी पाणीही सोडलं असतं. त्यातून त्यांना बाहेर काढायला वाट कुठून आहे ते मला दिसेना. तेव्हापासून बालाजीनं आकडा सांगितला की मी विषय बदलायचे. एका तान्ह्या बाळाचं वजन वाढलं म्हणून मी घाबरत होते, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

शेवटी शालूला सांगितलंच. शालू स्वभावानं गरीब, आईपुढे कधी आवाज न काढणारी. तिनं ऐकून घेतलं.

बाळ घरी आलं त्या दुपारी शालूनं मलाही बोलावलं. बालाजी औषधं आणायला गेला होता. शालू पलंगावर बसलेली, मांडीवर बाळ, गुलाबी, गाल भरलेले. समोर खाली सत्यभामाबाई, भिंतीला टेकून. त्यांचे गाल आत गेले होते आणि चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. त्यांनी अजून एकदाही नातीला हातात घेतलं नव्हतं. मी भाकरी आणि पिठलं करून नेलं होतं ते शालूनं दोन ताटांत वाढायला सांगितलं.

"आई, जेव," ती म्हणाली.

"जेवले मगा."

"मला ताईंनी सगळं सांगितलंय." तिनं आपलं ताट हातानं लांब सरकवलं. "तू जेवली नाहीस तर मीही नाही. आजपासून. तू जितके दिवस राहशील तितके दिवस. मग दूध आटलं की हिला काय पाजायचं ते तू सांग."

"आसं बोलू न्हाई शाले."

"मी बोलणारच. तू उपाशी राहून हिला राखतेस ना? मग मीही तसंच राखते. बघू कोण राहतंय."

सत्यभामाबाई लेकीकडे बघत राहिल्या, मग ताटाकडे, मग बाळाकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पुसायचंही भान नव्हतं. त्यांना काय करावं लागत होतं ते मला कळत होतं. जेवल्या नाहीत तर नात उपाशी. जेवल्या तर त्यांच्या मते नातीला त्यांनीच उघड्यावर ठेवलं. मी आयुष्यात कुणाला इतकं एकटं पाहिलेलं नाही.

त्यांनी भाकरी मोडली. घास पिठल्यात बुडवला. घास तोंडात गेला. त्यांनी तो चावला, डोळे बाळावर ठेवून, आणि गिळला. शालूनं हुंदका दिला आणि आपलं ताट जवळ ओढलं. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं, मला हसू आलं, रडूही आलं. सत्यभामाबाईंनी दुसरा घास हातात घेतला.

तेवढ्यात बाळाला उचकी लागली. एक, मग दुसरी, सगळं अंग हलेल अशी. तान्ह्या बाळांना लागतेच. आणि मी, आनंदाच्या भरात, लहानपणापासून जे म्हणत आले तेच म्हणून गेले, "अगं बाई, कुणीतरी आठवण काढतंय गं आमच्या ठकीची!"

सत्यभामाबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला.